हे काढता येते का?

सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दोनच माणसे उरली, की माझा उजवा हात नकळत कमरेच्या डाव्या बाजूला जातो. तेथे पट्ट्याला अडकवलेला इन्सुलिन पंप असतो. आकाराने तो पत्त्यांच्या जोडाएवढा, वजनाने मोबाइलपेक्षा हलका; त्याच्यातून निघालेली बारीक पारदर्शक नळी शर्टाच्या आत शिरते आणि पोटावरच्या एका चिकटपट्टीपाशी संपते. डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला, नाण्याच्या आकाराचा, साखर मोजणारा सेन्सर चिकटवलेला असतो. दोन्ही वस्तू जागच्या जागी आहेत हे मला ठाऊक असते, कारण त्या चोवीस तास जागच्या जागीच असतात. तरीही मी त्या चाचपून पाहते, परीक्षेच्या दारात पेन चाचपावे तसे. पुढच्या पाच मिनिटांत मला दोन प्रश्न विचारले जाणार असतात. "हे काय आहे?" हा पहिला. त्याचे उत्तर मला झोपेतही देता येईल. अडचण असते ती त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाची. "काढता येतं का?"

विमानतळावरच्या त्या जागेने जगाची दोनच भागांत वाटणी केलेली असते. सामान सरकत्या पट्ट्यावरून क्ष-किरणांच्या बोगद्यात जाते आणि माणूस शेजारच्या चौकटीतून चालत जातो. घड्याळ, कमरेचा पट्टा, बूट, खिशातली नाणी या सगळ्या गोष्टी काही क्षणांपूर्वी माणसाच्या बाजूला असतात. त्या ट्रेमध्ये पडल्या की सामानाच्या बाजूला जातात आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा माणसाच्या होतात. या व्यवस्थेत काही चूक आहे असे मला वाटत नाही. हजारो माणसे कमीत कमी वेळात तपासायची तर वाटणी सोपीच असावी लागते. माझी पंचाईत एवढीच, की माझ्या अंगावरच्या दोन वस्तूंना यांपैकी एकही रांग लागू पडत नाही. त्या सामान म्हणाव्यात तर त्यांचे एक टोक माझ्या कातडीच्या आत आहे. शरीर म्हणावे तर त्यांना बॅटरी लागते.

खरे सांगायचे तर पंप काढता येतो. पोटावरच्या चिकटपट्टीपाशी नळीला एक छोटी कडी असते. ती चिमटीत धरून थोडी फिरवली की नळी सुटते, पंप हातात येतो आणि पोटावर फक्त ती पट्टी राहते. आंघोळीच्या वेळी मी हे रोज करते. सेन्सरचे तसे नाही. त्याचा केसासारखा तंतू कातडीखालच्या द्रवात बसलेला असतो आणि एकदा उपटला, की तो संपला. दहा किंवा चौदा दिवस चालायला हवा असलेला सेन्सर तिसऱ्याच दिवशी कचऱ्यात जातो. नवा लावल्यावर तो पहिला आकडा दाखवेपर्यंत, बनावटीनुसार, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत थांबावे लागते. म्हणजे एका वस्तूचे उत्तर "हो", दुसरीचे "नाही". आणि त्या "हो"लाही एक "पण" चिकटलेला आहे.

तो "पण" असा. माझे शरीर इन्सुलिन तयार करत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या नेमक्या त्याच पेशींचा नाश करते. पंपात भरलेले असते ते झटपट काम करणारे इन्सुलिन. दर काही मिनिटांनी तो त्याचा अगदी सूक्ष्म अंश सोडत राहतो आणि जेवणाच्या वेळी मी सांगेन तेवढी मोठी मात्रा देतो. लांब पल्ल्याचे इन्सुलिन टोचून घेणाऱ्याच्या शरीरात दिवसभराचा साठा असतो. पंप लावणाऱ्याकडे असा साठा नसतो. पंप तासभर दूर राहिला तर चालून जाते. तीन-चार तास राहिला, तर साखर चढते, शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचू लागतात आणि त्यापुढचा रस्ता रुग्णालयाकडे जातो. हे सगळे, मागे वीस माणसे उभी असताना, एका हातात बूट धरून, ज्याला दिवसभरात हजार प्रवासी हातावेगळे करायचे आहेत अशा माणसाला कसे सांगावे? त्याच्याकडे "हो" आणि "नाही" या दोन उत्तरांची सोय आहे. "हो, पण"ची नाही.

गंमत अशी, की त्या जागेवरची दोन मुख्य यंत्रे मुळात रोग्यांचीच आहेत. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक गोळी शरीरात कोठे रुतली आहे हे डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल धातू ओळखणारे एक उपकरण घेऊन त्यांच्या बिछान्यापाशी गेला. विजेच्या वेटोळ्यांजवळ धातू आला की कानाला लावलेल्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला आवाज बदलावा, असे ते उपकरण होते. गोळी सापडली नाही. गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाचा गोंधळ उडवला आणि प्रमुख डॉक्टरांनी शोधाची परवानगी दिली ती शरीराच्या उजव्या बाजूपुरतीच. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. ज्या चौकटीतून आज सगळे प्रवासी चालत जातात, तिचा हा पणजोबा. तो एका माणसाच्या अंगात नको असलेला धातू शोधायला निघाला होता आणि गादीतल्या धातूने फसला. क्ष-किरणांचे तर सांगायलाच नको. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रोंटगेनला ते दिसले आणि काही महिन्यांतच डॉक्टर त्यांच्या साहाय्याने मोडलेली हाडे पाहू लागले. सामानाचा नंबर फार उशिरा लागला. विमान-अपहरणांच्या लाटेनंतर ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि रोग्याच्या उशाशी जन्मलेली ही यंत्रे विमानतळाच्या दारात पहाऱ्याला उभी राहिली.

त्याच काळात वैद्यकातली दुसरी यंत्रे उलट दिशेने निघाली होती. ती भिंतीवरच्या विजेच्या बटणापासून सुटून माणसाच्या अंगावर येत होती. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनिआपोलिसमध्ये वीज गेली. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या लहान मुलांना जगवणारे पेसमेकर तोवर भिंतीवरच्या विजेवर चालत. त्या प्रसंगानंतर शल्यविशारद लिलेहाय यांनी अर्ल बाकन या तंत्रज्ञाला बॅटरीवर चालणारे काही करता येईल का, असे विचारले. बाकनने संगीताच्या ठेक्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेट्रोनोमच्या विद्युतमंडलात फेरफार करून, गळ्यात अडकवता येईल अशी छोटी पेटी काही आठवड्यांत तयार केली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीराच्या आत पहिला पेसमेकर बसवला गेला. ते पुढे ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले आणि त्या काळात त्यांना सव्वीस पेसमेकर लागले. इन्सुलिनचा अंगावर वागवण्याचा पहिला पंप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. तो पाठीवरच्या दप्तराएवढा होता. तो घेऊन कोणी आजच्या तपासणीला आले असते तर काय झाले असते, या विचाराने मला रांगेत कधी कधी हसू येते आणि रांगेत एकट्याने हसणेही बरे दिसत नाही.

आता पुष्कळ ठिकाणी चौकटीच्या जोडीला, किंवा तिच्याऐवजी, काचेच्या गोल खोलीसारखा स्कॅनर असतो. जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर पाय ठेवायचे, दोन्ही हात डोक्यावर धरायचे आणि दोन-तीन सेकंद हलायचे नाही. हात वर केले की शर्टही वर जातो आणि यंत्राने शोधण्याआधीच पंप सगळ्यांना दिसतो. हे यंत्र क्ष-किरण वापरत नाही. त्याच्या लहरींची लांबी सुमारे एक सेंटिमीटर असते; त्या कापडातून आरपार जातात, पण कातडीत पाणी असल्यामुळे तिच्यावरून परततात. म्हणून कातडीच्या आत काय आहे हे त्याला कळत नाही. कातडीवर काय आहे ते मात्र नेमके कळते. पोटात शिरलेली पंपाची टोकदार नळी, दंडातला तंतू, कोणाच्या छातीतला पेसमेकर यांचा त्याला पत्ता नसतो. बाहेरची चिकटपट्टी तेवढी त्याच्या नजरेत भरते. पडद्यावर एक बिनचेहऱ्याची, सगळ्यांसाठी सारखीच असलेली बाहुलीसारखी आकृती उमटते आणि शंका येईल तेथे पिवळे चौकोन. पूर्वी मी त्यात उभी राहत असे, तेव्हा माझ्या आकृतीला नेहमी दोन चौकोन असत, एक कमरेशी आणि एक दंडाशी.

त्या बाहुलीचे मी आभारच मानते. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात लपवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यात धातू नसल्यामुळे चौकट गप्प राहिली होती. त्यानंतर शरीर-स्कॅनर झपाट्याने पसरले. परंतु सुरुवातीच्या यंत्रांत तपासनिसाला बाहुली नव्हे, तर जवळजवळ उघड्या शरीराची प्रतिमा दिसत असे. क्ष-किरणांचा एक मंद प्रकार वापरणारी यंत्रेही त्यांत होती. युरोपीय संघाने २०११ मध्ये ती नाकारली आणि अमेरिकेतल्या विमानतळांवरून ती २०१३ पर्यंत हलवली गेली. त्या वर्षांत ज्यांच्या पोटावर मलमूत्राची पिशवी होती, ज्यांचा एक स्तन कृत्रिम होता, त्यांच्या मनात त्या खोलीत शिरताना काय येत असेल, याची कल्पना माझ्या दोन पिवळ्या चौकोनांवरून पुरती येत नाही.

या यंत्रांमधून पंप न्यावा की नाही, हा प्रश्न वेगळाच. पंपाबरोबर येणारी पुस्तिका सांगते, की साध्या धातुशोधक चौकटीतून जायला हरकत नाही. परंतु क्ष-किरणांच्या बोगद्यातून पंप पाठवू नये आणि शरीर-स्कॅनरमध्ये तो लावून उभे राहू नये, हाताने तपासणी मागावी. दुसऱ्या बनावटीच्या पंपाची पुस्तिका क्ष-किरणांना खुशाल परवानगी देते. सेन्सरचे तिसरेच. पंप एका कंपनीचा आणि सेन्सर दुसरीचा असेल, तर एकाच शरीरावर दोन कायदे लागू होतात. या सूचनांचा मी बराच काळ विचार केला आहे आणि माझे मत असे झाले आहे, की त्यांपैकी पुष्कळशा सूचना "असे केल्याने बिघडते" हे सांगत नाहीत. "असे केल्यावर बिघडणार नाही याची हमी आम्ही घेत नाही" एवढेच सांगतात. या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्या अंतराचा काडीचा उपयोग नाही. पंप बिघडला तर कंपनी बदलून देईल. पण तो येईपर्यंतचे दिवस परक्या गावात सुई-सिरिंजवर मलाच काढावे लागतील. म्हणून आता मी पुस्तिकेच्या बाजूने उभी राहते. भांडत नाही, पण हलतही नाही.

एकदा हलले. भल्या पहाटेचे विमान होते, झोप झालेली नव्हती आणि समोरच्या तरुण कर्मचाऱ्याने, अजिबात उर्मटपणा न करता, पंप ट्रेमध्ये ठेवायला सांगितला. मी म्हणाले, "हा क्ष-किरणांमधून नेत नाहीत." तो म्हणाला, "मॅडम, सगळे फोन यातूनच जातात. काही होत नाही." फोन आणि पंप यांतला फरक समजावण्याएवढे त्राण माझ्यात नव्हते. मी कडी फिरवली, नळी सोडवली, पंप ट्रेमध्ये ठेवला. ट्रे आत गेला आणि पट्टा थांबला. माझ्या पुढच्या प्रवाशाच्या बॅगेत काहीतरी दिसले होते. ती मागे आली, पुढे गेली, पुन्हा मागे आली आणि तिच्याबरोबर बोगद्यात माझा ट्रेही मागे-पुढे होत राहिला. मी चौकटीच्या पलीकडे अनवाणी उभी होते. शर्टाखाली पोटावर ती रिकामी पट्टी होती आणि नळी नसताना तिथे एक प्रकारचा हलकेपणा जाणवत होता, अंगठी काढल्यावर बोटाला जाणवतो तसा. पंप अकरा मिनिटांनी बाहेर आला. चालू होता, आकडे दाखवत होता. त्या दिवशी रात्रीपर्यंत माझी साखर चढलेली राहिली. क्ष-किरणांमुळे म्हणावे तर पुरावा नाही. जागरण, धावपळ, विमानातले अवेळी खाणे यांपैकी कोणतेही कारण पुरेसे होते. पण दिवसभर दर आकड्याबरोबर मी त्या यंत्राकडे संशयाने पाहत राहिले, आणि ज्याच्यावर आपण जगतो त्याच्याकडे संशयाने पाहणे हा फार थकवणारा प्रकार आहे.

हाताने तपासणी मागितली, की पुढचा विधी ठरलेला असतो. पंप हातात घ्या, दोन्ही हातांनी सगळीकडून चोळा, असे सांगितले जाते. मग कर्मचारी एका चिमट्यासारख्या दांडीला पांढरा कापडी तुकडा लावून तो माझ्या तळव्यांवरून, बोटांच्या पेरांवरून आणि नखांच्या कडांवरून फिरवते. तो तुकडा यंत्रात जातो. तेथे तो तापतो, त्यावरच्या कणांची वाफ होते, वाफेतल्या रेणूंवर विद्युतभार चढवला जातो आणि एका छोट्या नळीतून ते किती वेळात पलीकडे पोचतात हे मोजले जाते. हलके लवकर पोचतात, जड उशिरा. स्फोटकांच्या रेणूंच्या वेळा यंत्राला पाठ असतात. हे काम काही सेकंदांत आटोपते आणि पंपाला कोणी हातही लावत नाही. मला विचाराल तर सगळ्या तपासणीत हीच पद्धत सर्वांत शहाणी आहे.

अर्थात यंत्राची पाठांतरेही कधी चुकतात. एकदा माझ्या हातांवर नुकतेच लावलेले मलम होते. अशा मलमांत ग्लिसरीन असते आणि ते यंत्राला चकवू शकते. लाल अक्षरे उमटली, दोन कर्मचारी आणखी आले, माझे सगळे सामान उलगडले गेले. सुयांचे पाकीट, इन्सुलिनच्या बाटल्या, जादा चिकटपट्ट्या, साखरेच्या गोळ्या असा माझा संसार त्या स्टीलच्या टेबलावर मांडून झाला. हृदयविकाराच्या ज्या रोग्यांना जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवावी लागते, त्यांच्यावर तर ही पाळी औषधानेच येऊ शकते. त्या गोळीतले द्रव्य आणि डायनामाइटमधले द्रव्य एकच. १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेणाऱ्या आल्फ्रेड नोबेललाही उतारवयात डॉक्टरांनी छातीच्या दुखण्यावर हेच औषध सुचवले होते. त्या टेबलापाशी उभी असताना मला ते आठवले, पण सांगण्यासारखी ती जागा नव्हती. त्या दिवसापासून प्रवासाच्या सकाळी मी हातांना काही लावत नाही.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येते. रांगेत साखर उतरणे.

लांब रांग, हातातले ओझे, भराभर टाकलेली पावले, खाण्याच्या चुकलेल्या वेळा. साखर उतरायला याहून चांगली जागा नाही. सत्तरच्या खाली आकडा आला, की शरीर स्वतःच धोक्याची घंटा वाजवते. ॲड्रेनॅलिन सुटते, हात कापतात, कपाळावर आणि ओठांवर घाम येतो, छाती धडधडते, नजर एका जागी ठरत नाही. हे वर्णन पुन्हा एकदा वाचावे आणि विमानतळावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला कोणत्या प्रकारच्या माणसावर लक्ष ठेवायला शिकवले जात असेल याचा विचार करावा. त्यातच खिशातला फोन ओरडू लागतो. साखर पंचावन्नला आली की माझ्या सेन्सरचा इशारा बंद करता येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्या पातळीला माणसाच्या निर्णयावर विसंबू नये. पण घामाघूम झालेली, थरथरणारी, अंगाला नळी आणि दंडाला चकती लावलेली आणि खिशातून पिपाणीसारखा आवाज येणारी बाई इतरांना कशी दिसत असेल, हे मला तशाही अवस्थेत कळते.

कळत नाही ते शब्द. मेंदूला साखर कमी पडली की आधी भाषा पातळ होते. मला एका रांगेत असे झाले, तेव्हा कर्मचाऱ्याने विचारले, "काय होतंय तुम्हाला?" आणि मला "इन्सुलिन" हा शब्द सापडेना. वर्षानुवर्षे रोज दहा वेळा उच्चारलेला शब्द! मी दंडाकडे बोट दाखवले आणि "साखर, साखर" एवढेच म्हणाले. माझ्या पिशवीत फळांच्या रसाचा खोका होता, दोनशे मिलिलिटरचा. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर शंभर मिलिलिटरची मर्यादा जगभर पसरली. औषधे आणि वैद्यकीय गरजेचे पेय त्यातून वगळलेले असते, मात्र ते आधी सांगावे लागते. सांगण्यासाठीचे शब्द तर गेलेले. मी स्ट्रॉ खोक्यात खुपसली आणि उभ्या उभ्या पिऊ लागले. तो कर्मचारी दोन पावले मागे सरला, मग त्याने बाजूची एक खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मागच्या रांगेला दुसऱ्या पट्ट्याकडे वळवले. पंधरा ग्रॅम साखर घ्यायची आणि पंधरा मिनिटे थांबायचे, असा नियम आहे. ती पंधरा मिनिटे मी चौकटीच्या अलीकडे, कोणाच्याही वाटेत न येता, बसून काढली. सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही; तो कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि तो आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. म्हणून मी बरी झाल्यावरही फोन बराच वेळ "खाली, खाली" असे सांगत राहिला आणि कर्मचारी माझ्याकडे व फोनकडे आळीपाळीने पाहत राहिला.

तेव्हापासून मी लेखी कागदावर विश्वास ठेवते. डॉक्टरांचे पत्र असते, त्याशिवाय खिशात एक लहान कार्ड असते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तीनच ओळी असतात. अशी कार्डे आता काही देशांत अधिकृतपणेही मिळतात. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने वैद्यकीय उपकरणांसाठी एक काढले आहे. अमेरिकेत प्रवासाच्या ७२ तास आधी फोन करून तपासणीच्या वेळी मदतीला माणूस मागता येतो. आणि २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली सूर्यफुलांची हिरवी फीत गळ्यात घालून, न दिसणारा आजार असलेला माणूस काही न बोलता ते कळवू शकतो. माझ्या ओळखीचे काही जण ती फीत घालत नाहीत. आपला आजार गळ्यात बांधून का मिरवायचा, असे त्यांना वाटते. मला ते पटते, आणि तरी शब्द हरवलेली ती पंधरा मिनिटे आठवून मी कार्ड बाहेरच्याच खिशात ठेवते.

आणि माझे दुखणे तसे सुखाचेच. पेसमेकरवाल्याला चौकटीतून न रेंगाळता जायचे असते आणि हातातली धातुशोधक दांडी छातीवर धरून ठेवू देऊ नये हे लक्षात ठेवायचे असते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत बसवलेले ऐकण्याचे उपकरण, असलेल्याला त्या चौकटीतून जाताना चमत्कारिक आवाज ऐकू येऊ शकतो, म्हणून काही जण बाहेरचा प्रोसेसर क्षणभर बंद करतात. म्हणजे नेमके सूचना ऐकण्याच्या वेळी बहिरे होतात. एकदा माझ्यापुढे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या खांद्याला तिरकी एक काळी पिशवी होती. कर्मचाऱ्याने नेहमीच्या सुरात सांगितले, "पिशवी ट्रेमध्ये ठेवा." गृहस्थ नुसते हसले. त्यांच्या मागे उभी असलेली त्यांची पत्नी पुढे झाली आणि म्हणाली, "ती पिशवी नाही हो. त्यात यांचं हृदय चालवणारी बॅटरी आहे." पोटातून बाहेर आलेली एक जाड वायर त्या पिशवीत जात होती. हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप लावलेल्या अशा माणसाची नाडीही अनेकदा हाताला लागत नाही. कर्मचारी एक क्षण थांबला. त्याने ट्रे उचलून बाजूला ठेवला आणि वरिष्ठांना बोलावले. "काढता येतं का?" हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता, मी पाहिले, तो त्याने गिळला.

अंगझडती आडोशाला हवी की येथेच, असेही विचारतात. सुरुवातीला मी आडोसा मागत असे. पण आत गेल्यावर बाहेर पट्ट्याच्या टोकाला पासपोर्ट, फोन आणि पाकीट ट्रेमध्ये बेवारस पडलेले असतात, आणि लाज वाचवावी तर जीव त्या ट्रेत अडकतो. आता मी उघड्यावरच उभी राहते. रबरी हातमोज्यांतले हात खांद्यांवरून, पाठीवरून, कमरेभोवती फिरतात. नाजूक जागी हाताची मागची बाजू वापरतात. या कामात जितकी माणसे तितक्या तऱ्हा. कोणी सेन्सरवर अंगठा दाबून पाहते, तो सुटून येईल का हे पाहायला असावे. कोणी पंपाला हात लावायलाच घाबरते. एका बाईंची मात्र मला आजही आठवण येते. मी पंपाविषयी सांगायला तोंड उघडले, तर त्यांनी हातमोजे बदलत मला मध्येच थांबवले आणि विचारले, "कुठे हात लावायचा नाही, तेवढं सांगा." मी दोन जागा दाखवल्या. त्यांनी त्या सोडून बाकी सगळे नेटकेपणाने, काहीही न सोडता तपासले आणि शेवटी पंप माझा मलाच चोळायला लावून हातांवरून कापडी तुकडा फिरवला. सारे मिळून दीड मिनिट लागले असेल. इतक्या वर्षांत तो प्रश्न मला कोणी तसा उलटा करून विचारला नव्हता.

या सगळ्या खटाटोपानंतर विमानात जे घडते ते तपासणीवाल्यांना कळले तर ते मला वेड्यात काढतील. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने दाखवून दिले, की विमान वर चढताना केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे पंपाच्या साठ्यातले बुडबुडे फुगतात, इन्सुलिनमध्ये विरघळलेली हवाही बाहेर पडते आणि त्या रेट्याने न मागितलेले इन्सुलिन शरीरात ढकलले जाऊ शकते. एखादे युनिटच, पण लहान मुलाला किंवा ज्याला थोड्याशा इन्सुलिननेही फरक पडतो अशा माणसाला ते पुरेसे असते. उतरताना याच्या उलट होते. म्हणून उड्डाणाच्या वेळी नळी सोडवून ठेवावी, वर गेल्यावर बुडबुडे काढून ती पुन्हा जोडावी, असा सल्ला त्या संशोधकांनी दिला.

तेव्हा खुर्चीचा पट्टा आवळल्यावर मी शर्टाची कड थोडी वर करते, चिमटीत कडी धरून फिरवते आणि पंप काढून मांडीवर ठेवते. विमान धावते, उचलते, कानांत दडा बसतो. पट्टे सोडण्याची खूण दिसली की मी नळीचे टोक वर धरून पाहते. आत दोन-तीन बुडबुडे लागलेले असतात, मोहरीएवढे. नखाने टिचकी मारली की ते एकेक करून वर सरकतात. शेजारचा प्रवासी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत असतो. मी नळीतून थेंब बाहेर येईपर्यंत बटण दाबते, थेंब कागदाने टिपते आणि नळी पुन्हा पोटाला जोडते.